छातीचा तुकडा

रस्सा वाढायला घेतला की आधी तंगड्या संपतात, मग पाठीचे तुकडे. छातीचा तुकडा पातेल्यात तळाशी उरतो. मला त्याचं नेहमी वाईट वाटतं, कारण यात दोष त्याचा नाही. तंगडीत चरबी असते, चिवट पडदे असतात. ती मंद आचेवर जितका वेळ राहील तितकी मऊ होत जाते. छातीत चरबी अगदी नावापुरती. तिलाही तंगडीइतकंच रटरटू दिलं की तिचा चोथा होणारच.

ओव्हनमध्ये हा तुकडा फार सुंदर होतो. मी शिकवायला लागले की समोरच्यांच्या मनात मात्र एकच धास्ती असते, आत कच्चं राहिलं तर? धास्ती खरी आहे. कच्च्या कोंबडीत साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असू शकतात आणि ते माणसाला आडवं करतात. पण या धास्तीपोटी आपण ‘अजून दहा मिनिटं’ म्हणत राहतो आणि त्या दहा मिनिटांतच सगळा रस निघून जातो. रंगावर विसंबण्यातही अर्थ नाही. नीट शिजलेलं मांस कधी गुलाबीच दिसतं, तर कधी पांढरं झालेलं मांसही पुरेसं तापलेलं नसतं.

म्हणून मी टोकदार थर्मामीटर वापरते. तुकड्याच्या सर्वांत जाड भागात, बाजूने, मधोमध टोचायचा. तिथे ७४ अंश सेल्सिअस दिसले की जंतूंचा प्रश्न जवळजवळ तत्क्षणी मिटतो. ६५ अंशांनाही ते मरतात, पण तेवढं तापमान काही मिनिटं टिकून राहावं लागतं. उष्णता आणि वेळ असा हा जोडहिशेब आहे. दुसरीकडे, साधारण ६५च्या पुढे मांसाचे धागे जोरात आकसायला लागतात आणि आतलं पाणी पिळून बाहेर काढतात. ८० पार केलेल्या तुकड्याला मग कुठलाही सॉस वाचवत नाही. मी ७१-७२ला ट्रे बाहेर काढते आणि थर्मामीटर तसाच ठेवते. बाहेरची उष्णता आत शिरत राहते आणि काटा ७४ला पोचतो. नाही पोचला, तर ट्रे पुन्हा आत. इथे अंदाज चालत नाही.

बाकीचं काम आधीचं. चिकनवाल्याकडून आणलेला तुकडा एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला निमुळता असतो. जाड भाग शिजेपर्यंत निमुळतं टोक वाळून जातं. प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून लाटण्याने जाड भाग ठोकून सगळीकडे सारखा करायचा. मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवून तुकडा त्यात अर्धा तास, फ्रिजमध्ये. मीठ धाग्यांमध्ये शिरतं आणि त्यांना पाणी धरून ठेवायला लावतं. बाहेर काढला की कागदाने कोरडा टिपायचा, नाहीतर ओव्हनची सुरुवातीची आच वरचं पाणी उडवण्यातच जाते. तेल, मिरपूड, थोडी लसूण. मीठ पुन्हा नको.

धुण्यावरून मात्र मी दरवेळी वाद घालते. नळाखाली कोंबडी धुतली की शिंतोडे सिंकभर, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. पाण्याने जंतू मरत नाहीत, पसरतात. त्यांना मारायचं काम ओव्हनचं आहे, ते त्यालाच करू द्यावं. कच्च्या मांसाची सुरी, पाट आणि आपले हात मात्र लगेच साबणाने.

ओटीजी २२० अंशांवर आधी नीट तापू द्यायचा. पंधरा मिनिटांनी पहिल्यांदा टोचून बघते. जाडीप्रमाणे वीस-बावीसही लागतात. बाहेर काढल्यावर पाच-सात मिनिटं सुरी लावायची नाही, मग धाग्यांना आडवं कापायचं. ट्रेमध्ये उतरलेल्या रसात लिंबू पिळून तो कापांवर ओतते.

उरलेला तुकडा गरम करणं म्हणजे पुन्हा शिजवणंच, म्हणून तो लगेच फ्रिजमध्ये जातो आणि दुसऱ्या दिवशी पातळ कापून, कांदा, कोथिंबीर, हिरवी मिरची घालून थंडच खाते, गरम पोळीबरोबर.