दहा दिवसांची गैरसोय

पुण्या-मुंबईहून पाहुणे आले की त्यांना मरीना बे बघायचं असतं. मी नेते, फोटोही काढून देते. मनातून मात्र त्यांना न्यायचं असतं ते तोआ पायोहला, आम्ही भाड्यानं राहतो त्या वसाहतीत. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून बांधत गेलेल्या या इमारती. लांबलचक सामायिक गॅलरी, दारादारांशी चपला, माझ्या तुळशीपासून दोन हातांवर शेजारच्या आंटींच्या देवाची उदबत्ती. गिरगावातल्या माणसाला इथं परकं वाटणार नाही. इमारतींनी पन्नाशी ओलांडली आहे आणि आंटींसारखी काही माणसं अगदी पहिल्या दिवसापासूनची आहेत. ती अजून इथंच कशी, हे पाहुण्यांना सांगायचं असतं. पण पाहुण्यांना लेझर शोची वेळ गाठायची असते.

सिंगापूरमधली चारांतली तीनहून अधिक माणसं सरकारी गृहनिर्माण मंडळानं, म्हणजे एचडीबीनं, बांधलेल्या घरांत राहतात. मंडळ स्थापन झालं १९६० साली. पुढच्याच वर्षी, २५ मे १९६१ला, बुकित हो स्वी या झोपडवस्तीला आग लागली आणि हजारो लोक एका दुपारीत उघड्यावर आले. त्यानंतर मंडळानं घरं बांधली ती अक्षरशः धावत. घाईचं बांधकाम आणि वर ही बारमाही दमट हवा. काही दशकांनी बाथरूमच्या छताचे पोपडे पडायला लागले, आतली गंजलेली सळई डोकावायला लागली. डोंबिवलीत किंवा मुलुंडमध्ये हे दृश्य दिसलं की सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ‘रिडेव्हलपमेंट’ हा शब्द त्याच संध्याकाळी येतो. इथं जिन्याखाली नोटीस लागते, एचआयपीची.

एचआयपी म्हणजे होम इम्प्रूव्हमेंट प्रोग्रॅम, २००७ साली जाहीर झालेला. त्यात एक यादी सक्तीच्या कामांची: पोपडे काढून स्लॅब दुरुस्त करायचा, सांडपाण्याचे जुने उभे पाइप बदलायचे, घराचा वीजपुरवठा वाढवायचा. आणि माझं आवडतं कलम, कपडे वाळत घालायची सोय बदलायची. जुन्या घरांत खिडकीबाहेर पाइपाच्या नळकांड्या बसवलेल्या असत. ओले कपडे घातलेला लांब बांबू उचलून त्यात खोचायचा, तोही दहाव्या मजल्यावरून, ऐन सत्तरीत. त्याजागी आता साधा रॅक येतो. नागरिकांसाठी या सक्तीच्या कामांचा सगळा खर्च सरकारचा. नवा संडास-बाथरूम, नवं दार, लोखंडी जाळीचं फाटक ही ऐच्छिक कामं. त्यासाठी नागरिकांनी घराच्या आकारानुसार खर्चाच्या पाच ते साडेबारा टक्के भरायचे. म्हाताऱ्यांच्या घरात धरायला दांडे आणि न घसरणारी फरशी, हेही माफक पैशांत.

पण हे सगळं होणार की नाही, ते मतदानावर. इमारतीतल्या पात्र नागरिक-घरमालकांपैकी किमान ७५ टक्क्यांनी ‘हो’ म्हणायला हवं. आम्ही भाडेकरू आणि परदेशी, त्यामुळे आम्हाला मत नाही. फुकटचा सल्ला देण्याची मुभा मात्र भरपूर. आंटींनी नुकतीच स्वतःच्या पैशानं बाथरूमला नवी फरशी घातली होती आणि त्या तावातावानं विरोधात होत्या. मजल्यावरच्या अंकलनी त्यांना लिफ्टची आठवण करून दिली. पूर्वी इथल्या लिफ्ट प्रत्येक मजल्यावर थांबायच्याच नाहीत, खर्च वाचवायला काही ठराविक मजल्यांवरच थांबायच्या. उरलेल्यांनी एक-दोन जिने उतरायचे किंवा चढायचे. २००१मध्ये त्यासाठी वेगळी योजना आली. तिलाही मतदान होतं, आणि खालच्या मजल्यावरचे लोक ‘आम्हाला काय उपयोग’ म्हणून कुरकुरत होतेच. आता सगळेच लिफ्टनं जातात, दुसऱ्या मजल्यावरचेसुद्धा.

काम सुरू झालं की एका घराला साधारण दहा दिवस लागतात. या दहा दिवसांत संडास उखडलेला असतो. घरात वापरायला एक तात्पुरतं कमोड देतात आणि इमारतीखाली सामायिक न्हाणीघरं उभारतात. खालचा मोकळा तळमजला, ज्याला इथं व्हॉइड डेक म्हणतात, तिथं एरवी मलय लग्नं लागतात आणि चिनी अंत्यविधी होतात. त्या आठवड्यांत तिथं टॉवेल खांद्यावर टाकलेली गंभीर माणसं दिसतात. ड्रिलचा आवाज इतका की फोनवर आईला ‘नंतर करते’ एवढंच सांगता यायचं. हे ड्रिल धरणारे हात बहुतेक बांगलादेशचे आणि तामिळनाडूचे. दुसऱ्यांची घरं नीट करून संध्याकाळी ते शहराच्या कडेच्या वसतिगृहांत परततात, एका खोलीत कितीतरी जण. इथल्या नूतनीकरणाच्या कौतुकात हा हिशेब कुणी मांडत नाही.

तरीही दहा दिवस म्हणजे दहाच दिवस. आंटी अकराव्या दिवशी स्वतःच्या बाथरूममध्ये होत्या, नव्या फरशीवर तक्रार करत. तोच बाजार, तेच कॉफीवाले, तेच शेजारी. माझ्या मुलुंडच्या मावशीची इमारत पाडली तेव्हा ती ‘दोन-तीन वर्षांसाठी’ ठाण्याला गेली. भाडं कधी वेळेवर यायचं, कधी नाही. ताबा मिळाला तोवर काका नव्हते. महाराष्ट्रात सहकारी सोसायटीच्या पुनर्विकासाला २०१९च्या नियमांनुसार ५१ टक्के संमती पुरते, आणि त्यात माणसांना काही वर्षं उठून जावं लागतं. इथं संडास बदलायला ७५ टक्के लागतात.

कारण उघड आहे. आपल्याकडे जुनी इमारत दुरुस्त करायला पैसा कुणाकडे नसतो, नवी बांधायला मात्र बिल्डर असतो. त्याचा पैसा येतो वाढीव एफएसआयमधून, म्हणजे आधीची इमारत पडल्याशिवाय तो येतच नाही. इथं पैसा सरकारी तिजोरीतून येतो, म्हणून माणूस जागच्या जागी राहू शकतो.

मात्र तिजोरी ज्याच्या हातात, त्याची मर्जीही आलीच. १९९७च्या निवडणुकीत तत्कालीन पंतप्रधान गोह चोक तोंग यांनी उघडच सांगितलं होतं, की विरोधी पक्षाला निवडून देणाऱ्या भागांचा क्रमांक या कामांच्या रांगेत शेवटी लागेल. पोटोंग पासिर आणि हौगांग हे विरोधकांचे बालेकिल्ले मग लिफ्टसाठी वर्षानुवर्षं थांबले. गुडघे दुखणाऱ्या म्हातारीला तिच्या मतासाठी जिना चढायला लावणं, हे मला आजही माफ करण्यासारखं वाटत नाही.

दुसरी गोष्ट आंटी हळू आवाजात सांगतात. ही घरं ‘मालकीची’ असली तरी ती ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर आहेत, जमीन सरकारची. पट्टा संपला की घर परत. हे नुसतं कागदावरचं नाही. गेलांग भागात लोरोंग ३ला १९१ बैठी खासगी घरं होती, ६० वर्षांच्या पट्ट्यावरची. २०२०च्या अखेरीस मुदत संपली आणि जमीन भरपाईविना सरकारजमा झाली. आमच्या इमारतीचा पट्टा अर्ध्याहून अधिक सरला आहे, म्हणजे नवे पाइप बसताहेत ते घटत जाणाऱ्या आयुष्याला. निवडक जुन्या इमारती सरकार स्वतः ताब्यात घेऊन रहिवाशांना जवळच नवं घर देत आलं आहे, १९९५पासून. पण २०२२मध्ये आंग मो कियोच्या रहिवाशांच्या लक्षात आलं, की तेवढंच नवं घर घ्यायला अनेकांना वर पैसे घालावे लागणार. निवृत्त माणसं चिडली, आणि इथं क्वचित घडतं ते घडलं: सरकारनं ५० वर्षांच्या पट्ट्याचा स्वस्त पर्याय पुढे केला. सत्तरीतल्या इमारतींसाठी रहिवाशांच्या मतानं पुनर्विकास करण्याची योजनाही २०१८ला जाहीर झाली आहे. आंटी म्हणतात, तोवर मी कशाला असेन!

म्हणून सिंगापूरचं सगळं उचलून न्यावं, असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे म्हाडाला किंवा महापालिकेला प्रत्येक घराचे पाइप फुकट बदलून देणं परवडायचं नाही, हेही कळतं. पण एक गोष्ट कमी पैशांत होण्यासारखी आहे. तीस वर्षांपुढच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट आपल्याकडेही करावं लागतं. सोसायटीच्या पुढच्या सभेत बिल्डरची रंगीत चित्रं पडद्यावर यायच्या आधी तो अहवाल मोठ्यानं वाचून घ्या, आणि दुरुस्तीचं अंदाजपत्रक मागा. इमारत खरोखरच धोकादायक असेल तर पाडाच. नसेल, तर मतदानाला ही दोन्ही कागदपत्रं शेजारी शेजारी ठेवा, आणि सभागृहातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला पहिल्यांदा बोलू द्या.