ही म्हातारी कोण?

वहिनीच्या चटणीला लोगो हवा होता. मला वाटलं, दोन तासांचं काम. लागले दोन महिने... आणि एक घरगुती भांडण!

घरातलं कुणी पुण्यात आयटीत असलं की त्याला सगळं येतं, असा कोल्हापुरात पक्का समज आहे. प्रिंटर अडकला, हिला विचारा. आधार अपडेट करायचंय, हिला विचारा. त्यामुळे २०२५च्या मे महिन्यात वहिनीचा फोन आला तेव्हा मला अजिबात नवल वाटलं नाही.

“वन्सं, पाकिटावर टाकायला एक चित्र पायजे. छपाईवाला म्हणतोय, लोगो द्या. तुम्ही करताय का मी बघू?”

“मी करते,” मी म्हटलं. रोज ऑफिसात ब्रँड गाइडलाइन्सचे पीपीटी बघणारी मी. त्यात काय एवढं, बॉस!

आधी चटणीबद्दल. कोल्हापुरात चटणी म्हणजे इडलीबरोबरची नव्हे. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरची, भाजलेलं खोबरं, तीळ, धने, तळलेला कांदा, लसूण, गरम मसाला... हे सगळं डंकावर कांडून केलेला लालभडक मसाला. उन्हाळ्यात करायची आणि वर्षभर पुरवायची. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये दादाचा पगार निम्म्यावर आला, तेव्हा वहिनीनं शेजारणींना पाच किलो चटणी करून दिली. पुढच्या वर्षी पन्नास किलो. आता कुरिअरनं पुण्या-मुंबईला माल जात होता, राजारामपुरीत छोटा गाळा बघून ठेवला होता, आणि पाकिटावर मात्र अजून घरच्या प्रिंटरवरची पांढरी पट्टी!

चार फंडे

मी रीतसर होमवर्क केला. छोट्या धंद्यासाठी लोगोचे प्रकार मुख्यतः चार.

पहिला, नुसतं चिन्ह. उत्तम उदाहरण ‘प्रभात’चं. १९२९ साली कोल्हापुरात सुरू झालेली, १९३३ साली पुण्याला गेलेली ती फिल्म कंपनी. तुतारी फुंकणारी ती स्त्री पडद्यावर आली की नाव वाचायची गरज नाही. पण त्याआधी तेवढे सिनेमे गाजावे लागतात! नवख्या धंद्याचं नुसतं चिन्ह म्हणजे नाव न सांगता लांबून हात हलवणारा माणूस.

दुसरा मॅस्कॉट. एअर इंडियाचा १९४६ सालचा महाराजा, अमूलची १९६६ सालची मुलगी. गोड, लक्षात राहणारे. पण त्यांना सतत नवं काहीतरी बोलायला लावावं लागतं, म्हणजे जाहिरातीला पैसा हवा.

तिसरा शिक्का. गोलात चित्र, गोलाभोवती नाव, खाली ‘स्थापना २०२०’. भारदस्त दिसतो, पण लहान केला की काळा ठिपका.

चौथा वर्डमार्क. फक्त नाव, पण असं लिहिलेलं की तेच चित्र व्हावं. मराठी माणसाला हे शिकवायला नको. २०२०मध्ये आपल्यातून गेलेल्या कमल शेडगे यांची नाटकांच्या जाहिरातींतली अक्षरं आठवा. नाटकाचा मूड शीर्षकाच्या वळणातच कळायचा.

एवढं सगळं वाचून मी पुण्यातल्या एका डिझायनर मित्राला ब्रीफ दिलं: ‘ऑथेंटिक कोल्हापुरी फील’. नाव आईनं सुचवलेलं, देवीचं. जूनमध्ये तीन डिझाइन्स आली. एकात देवळाचं शिखर, एकात लाल फेट्याचा मिशीवाला पैलवान, एकात नथ घातलेली, डोक्यावर पदर घेतलेली सुरकुतलेली आजी. फॅमिली ग्रुपवर मतदान झालं. आईला शिखर आवडलं, दादाला पैलवान. मी आजीवर फिदा!

वहिनीनं दिवसभरानं एकच मेसेज टाकला. “ही म्हातारी कोण?”

आम्ही सगळ्यांनी हसण्याच्या स्मायली टाकल्या. विषय संपला, असं मला वाटलं.

मिलानचं चप्पल, घरची चटणी

त्याच महिन्याच्या शेवटी ते प्राडा प्रकरण झालं. मिलानच्या शोमध्ये मॉडेल्सच्या पायांत अगदी आपल्या कोल्हापुरीसारखी पायताणं, आणि कोल्हापूरचा उल्लेखच नाही! ज्या चपलेला २०१९मध्ये जीआय मिळाला, तिची ही गत? गाव पेटलं. मी पण पेटले. इन्स्टावर स्टोरी टाकली, ‘वस्तू घेता, मग नावही घ्या!’ बऱ्याच आरडाओरड्यानंतर कंपनीनं मान्य केलं, की ही प्रेरणा इथल्या पारंपरिक चपलेची आहे.

त्या शनिवारी मी घरी गेले. वहिनी ओट्याशी लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमची स्टोरी बघितली. भारी होती. मिलानवाल्यांनी नाव घेतलं नाही म्हणून एवढं वाईट वाटलं तुम्हाला. पाच वर्षं चटणी मी करतीय. पाकिटावर देवी, पैलवान, म्हातारी, सगळी आहेत. मी कुठं आहे?”

काय बोलणार? चौतीस वर्षांची ही बाई. ॲक्टिव्हावरनं माल पोचवते, ऑर्डरींची एक्सेल शीट स्वतः ठेवते. आणि मी तिच्या जागी एक अशी आजी बसवायला निघाले होते, जी आमच्या घरात कधी नव्हतीच. माझी खरी आजी पण नथ फक्त लग्नाकार्यात घालायची!

वहिनीचं बोलणं हिशोबानंही बरोबर निघालं. ट्रेडमार्कच्या साइटवर मसाल्यांच्या वर्गात, म्हणजे वर्ग ३०मध्ये शोधलं, तर देवीच्या नावाचे अर्ज पानामागून पान. ‘कोल्हापुरी’ हा शब्द कुणा एकाच्या मालकीचा होऊ शकत नाही. शिखर, फेटा, मिशी हे तर अख्ख्या गावाचं. वापरायला कुणाची ना नाही, पण ओळखू कसं येणार? आणि गिऱ्हाईक तर आधीपासून वहिनीच्या नावानंच चटणी मागत होतं.

आईला मात्र ते पटेना. “सुनेचं नाव पाटीवर? लोक काय म्हणतील? आणि देवीचं नाव काढून?” दादा नेहमीप्रमाणे न्यूट्रल. दोन दिवस घरात फक्त कुकर बोलत होता.

काकांचा कुंचला

शेवटी लॅपटॉप घेऊन काकांकडे गेले. आमचे काका पेंटर. आमच्या गावात ही साधी पदवी नव्हे. बाबूराव मेस्त्री इथलेच, ते पेंटर म्हणून ओळखले गेले आणि स्वतःच्या सिनेमांची पोस्टर्सही रंगवायचे. शिवरायांचं जे चित्र आपण सरकारी कार्यालयांत बघतो, त्याचे चित्रकार जी. कांबळे हेही इथलेच, सिनेमाची पोस्टर्स रंगवणारे. काका एवढे थोर नाहीत. दुकानांच्या पाट्या, ट्रकची पाठ, भिंती. मग फ्लेक्स आला आणि काकांचे ब्रश बिस्किटाच्या डब्यात गेले.

काकांनी तिन्ही डिझाइन्स बघितली, लॅपटॉप उचलून अंगणाच्या त्या टोकाला ठेवला आणि म्हणाले, “वाच.”

मला काही वाचता येईना.

“पोरी, पाटी बघायची नसती, वाचायची असती. दसरा चौकात सिग्नल सुटल्यावर गाडीवरनं वाचली तर ती पाटी. नाव काय लिहायचंय?”

मी वहिनीचं नाव सांगितलं. (इथे देत नाही, फुकट जाहिरात नको! तीन अक्षरं, शेवटी ‘ळा’, एवढं पुरे.) काका खुश झाले. “ळ आहे? मग काम झालं. इंग्रजीत लिहिलं की ह्या ळ चा ल होतोय. ळ हाय तर नाव मराठीतच शोभतंय.”

त्यांनी फळीवर खडूच्या दोरीनं शिरोरेषा मारली आणि चपट्या ब्रशनं अक्षरं काढली. ‘ळ’चे दोन गोल त्यांनी थोडे टोकदार केले. शेजारी शेजारी दोन लसणाच्या पाकळ्या! सांगितलं तर दिसतात, नाही सांगितलं तर नुसता ‘ळ’. मी म्हटलं, अजून ठळक करूया का? “नको. अक्षर राहू दे त्याला. लई केलंस की लोक चित्र बघतात, नाव विसरतात.”

फळी घरी आणली. आई स्वयंपाकघरातून, बिनचष्म्याची, नाव मोठ्यानं वाचून मोकळी झाली. मग जरा थांबून म्हणाली, “तिचंच नाव घाला. पण दिवाळीला पहिलं पाकीट अंबाबाईला.”

आणि मग परीक्षा

फळीचा फोटो काढून शेजारच्या मुलानं तो कॉम्प्युटरवर गिरवून दिला. मग आम्ही त्याचे चार पेपर घेतले. पाच रुपयांच्या नाण्याएवढा केला तरी वाचता येतो का? कारण पाकिटावर हिरवा ठिपका, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर, वजन, किंमत, तारीख सगळ्यांनाच जागा लागते. कुरिअरच्या खोक्यावर एकाच रंगाच्या रबरी शिक्क्यात चालतो का? व्हॉट्सॲपच्या गोल डीपीत मावतो का? आणि अर्थात, चालत्या ॲक्टिव्हावरनं? चारही पेपरांत पास. बाकीच्या मजकुराला ‘मुक्ता’ हा मोफत फॉन्ट घेतला. ट्रेडमार्कचा अर्ज वहिनीच्या नावानं ऑनलाइन भरला. छोट्या उद्योगाला एका वर्गासाठी साडेचार हजार रुपये, आणि नोंदणी झाली की दहा वर्षं निश्चिंती.

गाळ्याची पाटी काकांनीच रंगवली. २०२२च्या कायदादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात छोट्या दुकानांनाही पाटीवर नाव मराठीत आधी, आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहावं लागतं. आम्हाला कायदा आठवायची वेळच आली नाही. मराठी नाव फूटभर, इंग्रजी खाली बोटभर.

उद्घाटनाला डिझायनर मित्र आला होता. पाटीकडे बराच वेळ बघून म्हणाला, “सही आहे यार. पण एवढी भारी आजी वाया गेली.”

वहिनी पाकिटं मोजत होती. म्हणाली, “ठेवा जपून. साठीला आले की बघू!”