बूथात झाडू चालत नाही



आपल्या पानांवर गावकूस येतं, पाणवठा येतो, मोर्चा येतो. मोटारीचा रंग येत नाही. म्हणून लिहितोय. मी सूतगिरणीतून आलेला गडी. दोन वर्षं कापसाची पिंज छातीत ओढली, मग चाकणला ठेक्यावर लागलो. कविता करतो ती रात्रपाळी सुटल्यावर. पाळीत काम एकच : पेंट शॉपमधला स्प्रे बूथ साफ ठेवायचा, धूळ येऊ द्यायची नाही.

बूथ म्हणजे लांबट बंद खोली. छताला फिल्टरचं कापड. त्यातून गाळलेली हवा सेकंदाला अर्ध्या मीटरपर्यंतच्या वेगानं सरळ खाली येते आणि पायाखालच्या लोखंडी जाळीतून खड्ड्यात जाते. तिथं पाणी फिरतं. गाडीवर न बसलेला रंग त्या पाण्यात अडकतो, त्याचा गाळ होतो. आतला दाब बाहेरच्यापेक्षा जरासा जास्त ठेवतात. म्हणजे फटीतून हवा बाहेर जाते, बाहेरची धूळ आत शिरत नाही. गाडीवरचे सगळे थर मिळून जाडी एक दशांश मिलिमीटरच्या आसपास. माणसाचा केस त्याहून थोडाच बारीक. ओल्या रंगावर एक केस पडला तर दोरखंड पडल्यासारखा दिसतो.

साफसफाईची रीत अशी. वरून खाली यायचं : आधी छत, मग दिवे, भिंती, शेवटी जाळी. तंतू न सोडणारं ओलं फडकं, नाहीतर व्हॅक्यूम. भिंतीवर सोलून निघणारा एक थर मारलेला असतो. त्यावर रंग साचला की सालीसारखा ओढायचा, नवा मारायचा. जाळ्या काढून जबर दाबाच्या पाण्यानं धुवायच्या. हवेच्या पाइपानं फुंकायचं नाही. आणि झाडू? झाडूला बूथात बंदी. झाडू धूळ काढत नाही, उठवतो. इथली उचलतो, तिथं बसवतो. सुपरवायझरनं हे सहज सांगितलं. मी दोन रात्री त्यावरच विचार करत होतो.

माणूस हाच धुळीचा मोठा कारखाना. कातडीचा कोंडा, केस, कपड्याचे तंतू. म्हणून आत जाताना खास सूट, टोपी, बूट. मग एअर शॉवरमध्ये उभं राहून अंगावरची धूळ उडवून घ्यायची. सेंट, केसाचं सीरम बंद. त्यातलं सिलिकॉन कणभर उडालं तरी रंगाला माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. नियम सगळ्यांना सारखा. मोठा साहेब सूट न घालता आला तर त्यालाही दारात थांबवायचं. जन्मात पहिल्यांदा मी कुणाला 'आत येऊ नका' म्हणालो. कारण जात नव्हती, कोंडा होता.

रंगात दाणा सापडला की तो भिंगाखाली धरतात. केस आहे, कापसाचा तंतू आहे, वाळलेला रंग आहे की भट्टीतली खरड? कुठून आला ते शोधतात, ती वाट बुजवतात. धुळीला आकार असतो, उगम असतो, उपाय असतो. याला म्हणतात स्वच्छता.

आता शुद्धता बघा. याच पुण्यात पेशवाईत आपल्या माणसाच्या कमरेला झाडू बांधायला लावत. त्याच्या पावलांनी विटाळलेली धूळ मागच्या मागं झाडली जावी म्हणून. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ते नोंदवलंय. २० मार्च १९२७ ला महाडला आपण चवदार तळ्याचं पाणी प्यालो. मग सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं. १०८ घागरी पाणी उपसलं आणि मंत्र म्हणत दही, दूध, शेण, गोमूत्र तळ्यात सोडलं. शेणाचं पाणी शुद्ध, माणसाची ओंजळ अशुद्ध! मुंबईच्या गिरण्यांत विणाई खात्यात आपल्याला घेत नसत. कांडी बदलली की धाग्याचं टोक धोट्यातून तोंडानं ओढावं लागे, त्याला थुंकी लागे, म्हणून विटाळ. विणाईला पगार जास्त होता, हेही ध्यानात ठेवा. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हाच प्रश्न पुढं आणला. पिंज सगळ्यांच्या छातीत सारखी जात होती, तिला कुणी विटाळ म्हणालं नाही.

या विटाळाला भिंग लावा. काही दिसत नाही. ना आकार, ना वजन. तो पुसायचा नसतोच, माणूस बाहेर ठेवायला वापरायचा असतो.

मग बूथात जात मेली का? थांबा. जाळीच्या वर नका बघू, खाली बघा.

लाईन थांबते त्या सुट्टीच्या दिवशी खड्ड्यात उतरून गाळ काढतात. थिनरची वाफ हवेपेक्षा जड, खालीच साचते. वर मारायच्या क्लिअरच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. त्याची फवार श्वासात गेली तर दमा लागतो, आणि एकदा लागला की पुढं थोड्यानंही उसळतो. मी एका ठिकाणी होतो, नाव नको. वर स्प्रे मारणाऱ्याला नळीतून ताजी हवा येणारा मास्क. खाली उतरणाऱ्याला कापडी. खाली उतरणारे कोण? ठेकेदाराचं मस्टर बघितलं. आडनावं वाचताना आपल्या वस्तीची हजेरी वाचल्यासारखं झालं. कुठं लिहिलेलं नव्हतं की हे काम यांचंच. ठेकेदाराला विचारलं तर म्हणाला, "तुमच्या लोकांना सवय असते." सवय!

रंगाचा गाळ घातक कचऱ्यात मोडतो. किती निघाला, कुठं गेला, सगळं रजिस्टरात लिहावं लागतं. गाळ काढणाऱ्याच्या छातीत किती राहिला, त्याचं रजिस्टर तिथं नव्हतं. संरक्षणाशिवाय माणूस गटारात उतरवायला २०१३ च्या कायद्यानं बंदी आहे. गटारात मेलेल्याच्या घरच्यांना सुप्रीम कोर्टानं २०१४ मध्ये दहा लाख आणि २०२३ मध्ये तीस लाख भरपाई ठरवली. रंगाचा गाळ मैला नाही, म्हणून आमचा खड्डा त्यात धरत नाहीत. पण उतरणारा माणूस तोच आहे, भाऊ. फक्त वरची जाळी चकचकीत आहे.

२५ डिसेंबरला आपण देहूरोडला जातो. १९५४ साली त्याच दिवशी बाबासाहेबांनी तिथं बुद्धमूर्ती बसवली. तिथून तळवडे, म्हाळुंगे करत रस्ता चाकणला येतो. एक अभ्यासवर्ग त्या रस्त्यावर, एमआयडीसीच्या गेटापाशी घ्या. आमच्या मागण्या लिहून घ्या. माणूस उतरण्याआधी खड्ड्यातली हवा मोजा. पंख्यानं वाफ काढा. खाली जाणाऱ्याला हवेचा मास्क द्या. वर एक माणूस लक्ष ठेवायला उभा करा. वर्षाला फुप्फुसं तपासा आणि तो कागद त्याच्याच हातात द्या. आणि खड्ड्याचं काम पाळीपाळीनं सगळ्यांना द्या, मस्टरवरच्या सगळ्या आडनावांना.

शेवटच्या मागणीला मालकाचा एक पैसा लागत नाही. तरी तीच सगळ्यात जड जाईल. तिच्यापासूनच सुरुवात करा.