शटर उघडणारे काका

आमच्या शाखेतल्या शिपाईकाकांची मूळ नेमणूक सकाळी शटर उघडण्यापुरती. पण माणूस कामसू! हळूहळू टपाल, घड्याळाचे सेल, हजेरीपुस्तक, शेवटी साहेबांचा डबासुद्धा त्यांच्याच ताब्यात गेला. शिवाय काका कधी रजा घेत नसत. आम्ही खूश.

परवा भाच्याने लिनक्सवाल्यांचं 'सिस्टमडी'वरचं भांडण सांगितलं आणि मला काकाच आठवले. २०१० साली हा गडी आला, तो कॉम्प्युटर सुरू झाला की बाकीच्या प्रोग्रामांना उठवायला. पुढे नोंदवह्या, लॉगिन, नेटवर्क, घड्याळ जुळवणं, सारं त्याच्याच घरात गेलं. 'एकाने एकच काम करावं, पण नीट करावं' म्हणणारी जुनी मंडळी खवळली. २०१४ साली 'डेबियन' या लिनक्सच्या मोठ्या घराण्याने सिस्टमडीलाच पसंती दिली, तेव्हा काहींनी 'देवुआन' नावाची वेगळी चूल मांडली.

"पण मामा, सोय झालीच ना?" भाचा म्हणाला.

झाली की! सोयीबद्दल तक्रार कुणाची आहे? तक्रार आहे ती आमच्याबद्दल. काका निवृत्त झाले त्या संध्याकाळी हार घालता घालता मी हळूच त्यांच्या कानात विचारलं, "काका, तेवढं हजेरीपुस्तक कुठे ठेवता?"

वीस वर्षं मी त्यात सही करत होतो.