गाभोळी

चढणीचा मासा हातात घेतला की आधी त्याचं पोट कळतं. टच्च भरलेलं असतं. अंगठ्यानं जरा दाबलं की मागून चार-दोन पिवळसर दाणे बाहेर येतात आणि तळहाताला चिकटतात, खसखशीहून थोडे मोठे. हे दाणे मी आयुष्यात किती वेळा विजारीला पुसून टाकले, त्याचा हिशेब कधी केला नव्हता. तो आता करायचा आहे.

पस्तीसेक वर्षं मी मृगाच्या पाण्यात चढणीचे मासे मारले. मारू नका, असं म्हणणारा आमच्यात एकच निघाला आणि त्याच्याशी मी नऊ वर्षं बोललो नाही. तो माझा जिवाभावाचा मित्र. त्याचं खरं होतं, माझं चुकलं होतं. हे मी त्याला तोंडी सांगितलं आहे, पण भांडण चारचौघांत झालं होतं, तेव्हा कबुलीही चारचौघांत द्यायला हवी.

आमचं गाव भोगावतीच्या काठाला, राधानगरी धरणाच्या खालच्या अंगाला. आम्ही चौघं. हायस्कूलला विज्ञान शिकवणारे मास्तर, एसटीतला कंडक्टर, एक सुतार आणि गावच्या सेवा सोसायटीत कारकुनी करणारा मी. दिवाळी झाली की होळीपर्यंत दर रविवारी डोहावर. सुतार कळकाच्या काठ्या तासून आणायचा, तंगूस आणि गळ कंडक्टर कोल्हापुरातून आणायचा, गांडुळं काढायचं काम माझं. मास्तर कणकेत हळद घालून गोळे वळायचे आणि ते करताना त्यांचं बोलणं कधी थांबायचं नाही. मोरपिसाची कांडी पाण्यावर उभी, तिच्याकडं चौघांचे डोळे आणि गप्पा जगातल्या सगळ्या विषयांवर. मुलांची शिक्षणं, सुताराच्या भावकीचा वाटणीचा तंटा, माझ्या वडिलांचं आजारपण, सगळं त्या कांडीकडं बघत बघत बोलून झालं आहे. समोरासमोर बसून आम्हाला ते बोलता आलं नसतं. पाण्याकडं तोंड करून बसलं की माणूस मोकळा होतो.

पण वर्षाची खरी रात्र चढणीची. मृगाचा किंवा आर्द्राचा दणकून पाऊस झाला, शिवारातलं पाणी बांध फोडून ओढ्याला आणि ओढ्याचं नदीला मिळालं की गढूळ पाण्याची चाहूल लागून मासे उलटे वर चढायला लागतात. नदीतून ओढ्यात, ओढ्यातून भाताच्या खाचरात. कोकणात याला वलगण म्हणतात. अंडी घालायला ते उथळ, नव्या पाण्याकडं निघालेले असतात. त्यांना दुसरं भान नसतं. घोटाभर पाण्यात त्यांच्या पाठी उघड्या पडतात, बॅटरीच्या उजेडात चकाकतात, आणि कोयत्याचा नुसता उलटा घाव पुरतो. तासा-दोन तासांत पोतं भरायचं.

एका वर्षी, १९९१ असावं, कंडक्टर मोरीजवळ पाय घसरून ओढ्यात पडला. पाणी लालभडक आणि जोराचं. सुतारानं त्याच्या शर्टाची कॉलर धरली, मी सुताराची कंबर धरली, मास्तरांनी करंजाची फांदी धरली आणि माझा हात. शर्ट टराटरा फाटत गेला, पण कॉलर टिकली. वर काढल्यावर कंडक्टर पहिलं वाक्य काय बोलला असेल? "पोतं गेलं की रं!" त्या काळ्या अंधारात, पावसात, चिखलात बसून आम्ही डोळ्यांतून पाणी येईतो हसलो. हसता हसता सुतार रडायला लागला, कारण माणूस जाता जाता वाचला होता. ही गोष्ट आम्ही एकमेकांना शंभर वेळा सांगितली असेल.

आणि मग गाभोळी. कंडक्टरच्या बायकोला आम्ही सगळे वहिनी म्हणायचो. कितीही वाजले असले तरी वहिनी चूल पेटवायच्या. अंड्यांची ती पिवळी जोडपिशवी अख्खी काढायची, हळद-मीठ लावायचं, कांदा-लसणाची चटणी हलक्या हातानं चोळायची आणि तव्यात सोडली की लगेच वर ताट झाकायचं, कारण दाणे तडतडा उडतात. बाहेरून खरपूस, आत रवाळ. भाकरीच्या पापुद्र्यात धरून खायची. रस्सा सगळ्यांना पुरायचा, गाभोळीवरून मात्र हमरीतुमरी व्हायची. त्या चवीची आठवण आली की आजही मला वहिनींच्या स्वयंपाकघरातल्या ओल्या लाकडांच्या धुराचा वास येतो.

२००५ च्या महापुराच्या पुढच्या वर्षी, मे संपत आलेला, आम्ही सुताराच्या गोठ्यात बसून बेत करत होतो. मास्तर म्हणाले, "ह्या वर्षी मी येणार न्हाई. आणि तुम्हीबी जाऊ नका." मग त्यांनी शांतपणे सांगितलं. रोहूसारख्या माशाच्या पोटात किलोमागं दोन लाखांच्या आसपास अंडी असतात. त्यांतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जगतात, म्हणून निसर्गानं एवढी दिलीत. आपण एका रात्रीत पोतं भरतो, ते पोतं माशांचं नसतं, पुढच्या वर्षांच्या नदीचं असतं.

मी उसळलो. धरणं आपण बांधली का? ओढ्याची वाळू आपण उपसली का? नदीत मळी सोडतात ती आपण सोडतो का? आमच्या चार कोयत्यांनी अशी कुठली नदी ओस पडते? आम्ही तोट्यांचे सुरुंग लावणारे नव्हे, पाण्यात विष कालवणारे नव्हे. त्याला तर १८९७ च्या कायद्यापासून बंदी आहे आणि ते करणाऱ्यांना आम्हीच शिव्या घालायचो. हे सगळं बोलून झाल्यावर मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. म्हणालो, "वहिनीच्या हातची गाभोळी वीस वर्षं हादडलीस, तवा कुठं गेलं होतं तुझं विज्ञान?" मास्तरांनी चहाचा कप खाली ठेवला, उठले आणि गेले.

मास्तर तेव्हा पन्नाशीला आलेले. आपण इतकी वर्षं केलं ते चुकीचं होतं, हे त्या वयात आपल्याच मित्रांपुढं म्हणायला त्यांना किती बळ लागलं असेल, हे मला आता कळतं. तेव्हा मला त्यात मोठेपणाचा आव दिसला. एकाच गावात, एकाच स्टँडवर, नऊ वर्षं आम्ही एकमेकांना ओलांडून गेलो. डोहावरच्या रविवारी मास्तर वेगळ्या वळणावर एकटे बसायचे. मला त्यांची काठी दिसायची.

२०१५ च्या थंडीत कंडक्टर गेला. दिवस झाल्यावर वहिनींनी मला घरी बोलावलं आणि एक जाडजूड वही हातात ठेवली. जुन्या वेबिलांच्या कोऱ्या बाजू शिवून त्यानं ती केली होती. आम्ही केलेली प्रत्येक फेरी त्यात टिपलेली. तारीख, जागा, पाणी किती, कोण कोण होतं, काय लागलं. तिकिटांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाची सवय. त्यानं हे चालवलं होतं ते आम्हाला कुणालाही माहीत नव्हतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, ही तुमच्या एकट्याची न्हाई. मास्तरभाऊजींचीबी हाय. दोघं मिळून वाचा."

वही घेऊन मी तीन दिवस घरात बसलो. एकट्यानंच वाचली, मास्तरांकडं जायचा धीर झाला नाही.

पहिल्या पानांवर नावंच नावं. कोळीस, खडशी, शिंगटी, टाकरी, मुरी, वांब, मरळ. एका जूनच्या नोंदीत 'नाकावर शिंग असलेला एक, मास्तर म्हणतात नुक्ता'. पानं उलटत गेलो तसं एकेक नाव गळत गेलं. कधी गळलं ते ओळीवर बोट ठेवून सांगता येतं. शेवटच्या वर्षांत 'चिलापी', 'चिलापी', 'चिलापी, एक वांब'. हे मी पाहिलं नव्हतं असं नाही. प्रत्येक फेरीला मी हजर होतो. पण एकेका वर्षाचा फरक डोळ्याला जाणवत नाही, आणि जाणवला तरी त्याचा दोष द्यायला माझ्याकडं धरण होतं, मळी होती.

दुसरी गोष्ट मला मोडून गेली. २००६ पासून जूनच्या प्रत्येक नोंदीखाली एक ओळ होती. 'मास्तर आला नाही.' नऊ वर्षं, नऊ ओळी. कंडक्टरनं त्यावरून मला एका शब्दानं टोकलं नव्हतं.

चौथ्या दिवशी मी मास्तरांच्या दारात गेलो. त्यांनी वही घेतली, चष्मा लावला, पहिल्या पानापासून वाचायला लागले. मध्येच म्हणाले, "तात्या, ही नावं बघितलीस? ही शास्त्रातली नावं हायेत." मग त्यांनी सांगितलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतल्या कर्नल साइक्सनं दख्खनच्या माशांवरचा निबंध १८३९ साली प्रसिद्ध केला, आणि माशांना शास्त्रीय नावं देताना इथल्या लोकांच्या तोंडची नावंच लॅटिनला जोडली. खुद्री, कोळुस, शिंगटी, टाकरी, मुरी, नुक्ता. जगातल्या कुठल्याही संग्रहालयात हे मासे आजही आमच्या काठावरच्या नावानं ओळखले जातात. आणि आमच्या वहीतून ते खोडले गेले होते. तो नुक्ता आम्ही रश्श्यात घातला होता. आज तो धोक्यात आलेल्या जातींत मोजतात.

वहीतच आणखी एक नोंद दर वर्षी होती. 'बरगे काढले.' ही वाचताना माझ्या लक्षात आलं ते मास्तरांनीही कधी मांडलं नव्हतं. आमच्या भागात नदीवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. दगडी खांब आणि त्यांच्या खाचांत बसवलेले बरगे. पावसाळा सरला की बरगे घालून पाणी अडवतात, पावसाळ्याआधी काढतात. म्हणजे उरलेलं वर्ष नदी ही नदी नसते, एकाखाली एक बांधलेली तळी असतात. माशाला वर जायला वाट मिळते ती या पावसाळ्याच्या दिवसांतच. आणि नेमक्या त्या वाटेच्या तोंडाशी, नेमक्या त्या रात्री, आम्ही कोयते घेऊन उभे होतो.

माझं इतक्या वर्षांचं समर्थन इथं उलटं फिरलं. धरणांनी आणि मळीनं नुकसान मोठं केलं, हे आजही मी म्हणतो आणि म्हणत राहीन. पण त्यातून तगून जे थोडे मासे ओढ्यापर्यंत पोचायचे, तेच आमच्या पोत्यात जायचे. बाकीचं नुकसान जितकं मोठं, तितका आमचा एकेक घाव महागाचा होता. मी ते नेमकं उलटं धरून बसलो होतो. चिलापी का वाढली तेही यातच आहे. १९५२ साली हा मासा परदेशातून आपल्या देशात आणला. त्याची मादी अंडी तोंडात धरून वाढवते. तिला नवं पाणी नको, खाचर नको, चढण नको. तळं झालेली नदी तिला मानवली. चढावं लागणाऱ्यांचं मरण झालं.

आपल्याकडं समुद्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. पूर्वीपासून कोळी नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करून मगच होड्या लोटतात. श्रावणात आमच्या गावातही कुणी मासा खात नाही. पण मासे चढतात ते श्रावणाच्या आधी. एवढा एक महिना आमच्या पूर्वजांच्या नेमातून निसटला, आणि आम्ही तो सण करून टाकला.

मी मासे सोडलेले नाहीत. दिवाळी ते होळी आम्ही तिघं डोहावर बसतो, लागेल तो खातो. त्यात मला काही वावगं वाटत नाही. त्या जुन्या रात्रींचं काय करायचं, हे मात्र अजून उमगलेलं नाही. कंडक्टरची कॉलर हाताला आलेली ती रात्र माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात चांगल्या रात्रींतली एक आहे आणि तिच्यात पोतंभर गाभण मासे वाहून गेलेले आहेत. दोन्ही खरं आहे. मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, "गड्या, त्यो वाचला ही आठवण आपली हाय. ती सोडायची न्हाई." वहिनींना मी सांगितलं की आता जूनमध्ये मासे आणणार नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "त्यांनाबी कळलं हुतं भाऊजी. पण तुमास्नी एकटं सोडून त्यांनी कसं थांबावं?"

यंदा आर्द्रात पाऊस कोसळला. रात्री मास्तर छत्री घेऊन दारात आले. आम्ही मोरीवर जाऊन उभे राहिलो, बॅटरी न लावता. खाली घोटाभर पाण्यात सपकन आवाज आला, थांबला, पुन्हा थोडा वर आला. थोड्या वेळानं शिवारातून उजेड हलत आले. चार पोरं, हातात कोयते आणि पोतं. त्यांत माझ्या पुतण्याचा मुलगा. मी त्याला बरग्यांचं सांगितलं, वहीचं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पर तात्या, तुम्ही खाल्ली की वो आयुष्यभर. आम्ही तर गाभोळी चाखलीबी न्हाई."

मास्तर माझ्याकडं बघत होते. मी पोराला म्हटलं, "बस हितं. बॅटरी बंद कर आधी." त्यानं बंद केली. बाकीची तिघं पुढं गेली. तो कोयता मांडीवर ठेवून आमच्यात बसला आणि अंधारात खालच्या पाण्याकडं कान लावून म्हणाला, "लई हायेत की."