शिळ्या रक्ताचे आकडे

इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या आमच्या लॅबमध्ये औषधाच्या अभ्यासासाठीचं रक्त ताजं असं क्वचितच येतं. हॉस्पिटल बंगळूरच्या पार दुसऱ्या टोकाला, मध्ये सिल्क बोर्डचा चौक. शुक्रवारी संध्याकाळी काढलेलं सॅम्पल कधीकधी सोमवारीच मशीनवर चढतं. हे ठाऊक असूनही, रक्त कसं ठेवायचं याचा नियम मी पडताळून न पाहता लिहिला.

मी बायोकेमिस्ट्रीतून आले. तिथे टिकवायचं ते थंड ठेवायचं, एवढंच हाताला वळण. म्हणून रक्त गोठू न देणाऱ्या ईडीटीएच्या ट्यूब मी फ्रिजमध्ये ठेवायला लावल्या. पण आम्ही करतो त्या फ्लो सायटोमेट्रीत पेशी मोजायच्या तर रक्त २० ते २५ अंशांवर ठेवतात आणि साधारण ४८ तासांच्या आत स्टेन करतात.

सीडी४ या लिम्फोसाइट पेशींची टक्केवारी ठीक दिसायची, मायक्रोलिटरमागची संख्या मात्र घसरत होती. आजारी माणसांच्या लिम्फोसाइट कमी असणारच, असं मी स्वतःला समजावलं आणि रिपोर्ट पाठवत राहिले. माझी खरी चूक ही. फ्रिजची सवय अज्ञानातली होती. पण घसरण दिसत असताना तिचं सोयीचं कारण मी शोधलं.

पुण्यात एचआयव्हीच्या सीडी४ चाचण्यांमध्ये उभं आयुष्य घालवलेल्या एका मॅडमना शेवटी फोन केला. त्यांनी पहिलंच विचारलं, "अगं, लिम्फोसाइटचा आकडा कुठून घेतेस?" मी हिमोग्राम मशीनचा आकडा टक्केवारीने गुणत होते, तोही त्याच शिळ्या रक्ताचा. रक्त जुनं झालं की ग्रॅन्युलोसाइट खराब होतात, त्यांनी बाजूला फेकलेला प्रकाश, म्हणजे साइड स्कॅटर, उतरतो आणि त्या लिम्फोसाइट निवडायच्या चौकटीकडे, म्हणजे गेटकडे, सरकतात. मेलेल्या पेशी कुठलीही अँटिबॉडी धरून बसतात. मी मात्र जुनाच गेट सगळ्यांवर बसवत होते.

मग हिमोग्रामच्या आकड्याशिवाय संख्या थेट काढता यावी म्हणून बीड्सच्या ट्यूब आणल्या. ट्यूबमध्ये ५०,००० बीड्स, ५० मायक्रोलिटर रक्त. १,००० सीडी४ पेशींमागे ५,००० बीड्स मोजले गेले तर संख्या २००. हिशेब सोपा, पण सगळा त्या ५० वर उभा. माझ्या पिपेटमधून थोडं रक्त ट्यूबच्या वरच्या भिंतीला लागून राहायचं. त्याला ना स्टेन पोचत, ना लाल पेशी फोडणारं लायसिंगचं रसायन. ५ मायक्रोलिटर असे वर राहिले, तर २१० चे १८९ होतात, आणि २०० खालचा एचआयव्ही रुग्ण प्रगत अवस्थेतला धरला जातो. रिव्हर्स पिपेटिंग मी तेव्हा कुठे नीट शिकले. शिवाय टिपची बाहेरची बाजू पुसायची आणि रक्त थेट तळाशी सोडायचं.

जे काम सुरुवातीला करायला हवं होतं, ते नंतर केलं. एकाच निरोगी माणसाचं रक्त ताजं मोजलं, मग २४, ४८ आणि ७२ तासांनी. एक भाग फ्रिजमध्ये, एक बाहेर. ते आलेख मी औषधाच्या अभ्यासाच्या प्रायोजकांना स्वतः दाखवले आणि औषधापूर्वीचे आकडे रद्द करायला सांगितले. त्या रुग्णांना तोवर पहिला डोस गेलेला होता. डोसाआधीचं रक्त पुन्हा काढता येत नाही. सुई टोचून घेऊन त्यांनी दिलेल्या त्या ट्यूबचा अभ्यासाला काही उपयोग झाला नाही, आणि त्याला जबाबदार मी आहे.

आता नियमच आहे: रक्त काढल्याची वेळ लिहिलेली नसेल तर आम्ही ट्यूब घेतच नाही. सोमवारवर जाणाऱ्या सॅम्पलसाठी हॉस्पिटलातच पेशी टिकवणारं रसायन घालून घेतो. पण त्याने काही अँटिबॉडींची चमक उतरते, म्हणून प्रत्येक पॅनेल ताज्या रक्ताशी वेगळं ताडून पाहतो.