पिशवीत मावतील तेवढीच हत्यारं

जालना
दिवाळीनंतरचा रविवार

चि. मुक्ता हिस,


तू पाठवलेला फोटो आधी आत्याच्या मोबाईलवर पाहिला, मग माझ्याकडे मागवून घेतला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. बुलेट डबल स्टँडवर, खाली वर्तमानपत्र, त्यावर खोललेला कार्बोरेटर ओळीनं मांडलेला आणि शेजारी ती कोरी करकरीत निळी पेटी. ‘काका, दीडशे नग आहेत!’ अभिमान वाटला, खोटं कशाला सांगू? तुझ्या वयात दादाला, तुझ्या बापाला, साधा प्लग काढायला माणूस लागायचा. (हे त्याला वाचून दाखवू नकोस. गुडघ्यामुळं किक बसत नाही म्हणून आधीच तो चिडलेला आहे.)

पण त्याच फोटोत, कोपऱ्यात, मागच्या चाकाच्या एक्सलचा नट दिसतो. त्याचे कान गोल झालेत. ते कुणी केले? दादानं केले नाहीत, दिवाळीच्या आधी मी ती गाडी पाहिली होती. हे काम तुझ्या निळ्या पेटीचं. अगं, ही गाडी १९९६ ची. मुळात इंग्रजांचा नकाशा, १९५५ पासून मद्रासला तयार होत आलेली. तिच्यात काही नट इंची मापाचे, काही मिलीमीटरचे, आणि मधल्या काळात कोणत्या मिस्त्रीनं कुठला नट बदलून टाकला ते देवाला ठाऊक. तुझी पेटी पडली सगळी मिलीमीटरची. ‘जवळपास बसतोय’ असं वाटणारा सॉकेट नटावर चढवायचा आणि वर हातभर लांब दांडा लावून जोर करायचा, मग नट राहील कसा?

आता तुझा प्रश्न. पॉईंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिलीमीटर. झालं उत्तर. एवढ्यावर पत्र संपवता आलं असतं, पण तू पुढं लिहिलंस, ‘पंधरा दिवसांत हंपी’, आणि माझी झोप गेली.

गॅप लावायची रीत मात्र नीट ऐक. इंजिन थंड असू दे. प्लग काढ. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाक आणि डबल स्टँडवर मागचं चाक हातानं पुढं फिरव. किक दाबत बसण्यापेक्षा हे बरं, हवं तिथं थांबवता येतं. पॉईंट पुरते उघडले की थांब. तोंडं काळी पडली असतील तर बारीक पॉलिश पेपरचा एक हलका हात मार आणि पेट्रोलमध्ये भिजवलेल्या कागदानं पूस, नाहीतर कागदाची धूळच आत बसते. फिलर गेजची पट्टी किंचित धरल्यासारखी सरकली पाहिजे. मग स्क्रू आवळ आणि पुन्हा मोज. आवळताना गॅप हमखास हलतो, आणि नव्वद टक्के लोक दुसऱ्यांदा मोजत नाहीत. कॅमवर घासणारी फायबरची टाच झिजत जाते, तसा गॅप कमी होतो, ठिणगी उशिरा पडते, इंजिन तापतं आणि माणूस शिव्या घालतो पेट्रोल पंपवाल्याला. टाचेपाशी नखावर मावेल एवढंच ग्रीस लाव, जास्त लावलंस तर ते उडून पॉईंटवरच बसेल. एवढं करूनही गाडी मिसिंग करत असेल आणि पॉईंट उघडताना भसाभस ठिणग्या उडत असतील, तर कंडेन्सर बदल. तो स्वस्त असतो. त्याच्याशी वाद घालू नकोस.

हे सगळं घरी तुला जमेल याबद्दल मला शंका नाही. घरी कुणालाही जमतं. मंठ्याच्या रस्त्यावर, दुपारी, कापसाच्या रानाच्या कडेला, एक हात मोबाईलची रेंज शोधत असताना जमेल का?

म्हणून माझं एक म्हणणं आहे, आणि त्यावरून घरात मला सगळे हसतात हेही ठाऊक आहे. ज्या गाडीवर लांब जायचं, तिचं घरचं काम फक्त गाडीसोबतच्या पिशवीतल्या हत्यारांनीच करायचं. पेटीला कुलूप. पिशवीत जे नाही ते हत्यार घरातही हातात घ्यायचं नाही. प्लग काढायचा तो पिशवीतल्या प्लगपान्यानं, चेन ताणायची ती पिशवीतल्या पान्यांनी, ट्यूब काढायची ती पिशवीतल्या दोन लिव्हरनी. एखादं काम पिशवीनं होत नसेल, तर पिशवीत काय कमी आहे ते घरीच कळतं, पडवीत, चहा हाताशी असताना. आणि आखूड पान्याचा दुसरा गुण असा, की तो हाताला बोलतो. बुलेटचं सिलिंडर बिडाचं, पण हेड ॲल्युमिनियमचं. लांब दांड्यानं प्लग आवळला की ॲल्युमिनियमचे आटे कधी गेले ते कळतही नाही. मला हे एका गॅरेजनं दाखवून दिलं आहे. प्लग आधी नुसत्या बोटांनी पुरता बसला पाहिजे, पाना शेवटच्या फेऱ्याला.

दादाची पद्धत तर याच्याही पुढची. तो फिलर गेज बाळगतच नसे. लग्नपत्रिकेच्या जाड कागदाची घडी पॉईंटमध्ये घालून गॅप लावायचा. तू हसू नकोस. घरातल्या पत्रिकांमधून एक अशी निवड की जिची जाडी फिलरच्या पट्टीइतकी भरते, तिचा तुकडा कापून पिशवीत टाक. फिलर गेज हरवतं, पत्रिका आपल्याकडं कधी संपत नाहीत. 

पिशवीत आणखी काय? चेन लॉक. एक ट्यूब, हवेचा पंप. पॉईंट आणि कंडेन्सरची एक एक जोडी. एक प्लग, फ्यूज, हातभर वायर. आणि क्लच वायर. ती पिशवीत ठेवूच नकोस. चालू वायरीच्या बाजूनंच नवी वायर आतापासून ओढून टेपनं बांधून ठेव. जुनी तुटली की दोन टोकं बदलायची, दहा मिनिटांत गाडी चालू. टाकी उचलून अंधारात वायर ओवत बसावं लागत नाही. जाफराबादला एका रात्री वायर तुटली, तेव्हा हे दादा आणि मी शिकलो. तुझा बाप ती गोष्ट वेगळी सांगतो, पण मी होतो तिथं.

पेट्रोलचंही आता निराळं झालंय. आपल्या अंबड-घनसावंगीकडच्या उसाचा अंश टाकीत येऊन बसतो, २० टक्के इथेनॉल. इथेनॉल पाणी ओढून घेतं. गाडी महिनाभर उभी राहिली की टाकीच्या तळाशी गंज आणि कार्बोरेटरच्या वाटीत मळ. जुन्या काळचं रबर त्यात फुगतं. पेट्रोलची नळी, कॉकचा वायसर आणि फ्लोटची सुई बघून घे. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर वाटीतलं पेट्रोल काढून टाक. हे काम स्क्रू ड्रायव्हरचं आहे, पिशवीतल्याच.

तुला वाटेल काका एवढं कशाला लांबवतोय. मुक्ता, आपलं गाव लोखंडाचं. कुठून कुठून भंगार इथल्या भट्ट्यांमध्ये येतं आणि सळया होऊन बाहेर पडतं. औद्योगिक वसाहतीकडं जाणाऱ्या ट्रकमध्ये मी कितीदा बुलेटच्या टाक्या, राजदूतचे हँडल, रिमा पाहिल्यात. त्यातल्या कितीतरी गाड्या ‘आता कोण नीट करणार’ या एका वाक्यावर तिथं पोचल्या. वहिनींनी भंगारवाल्याला दारात आणलं होतं तेव्हा तू चाकाला कुलूप घालून किल्ली घेऊन कॉलेजला निघून गेलीस, ते मला आठवतं. तेव्हापासून ही गाडी माझ्या हिशेबी तुझी. एके काळी बुलेट म्हणजे एक तर फौजदाराची नाहीतर बागायतदाराची. आता ती पडवीत बसून स्वतः गॅप लावणाऱ्या मुलीची आहे, ही सुधारणाच म्हणायची.

पण खरी काळजी मी अजून लिहिलीच नाही. पॉईंट, कंडेन्सर बंद पडले तर गाडी थांबेल, इतकंच. तू रोज ऑफिसला जी गाडी चालवतेस तिचा गिअर डाव्या पायाला, ब्रेक उजव्या. दादाच्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. शांतपणे चालवताना हे लक्षात राहतं. समोर अचानक ट्रॅक्टर वळला की पाय विचार करत नाही, सवयीनं दाबतो. तू उजवा पाय दाबशील आणि ब्रेक लागायच्या ऐवजी गिअर पडेल. रोहिलागडच्या उतारावर अपघात झाला तो दुसऱ्या कशानं झालेला नव्हता. जायच्या आधी निदान महिनाभर ती दुसरी गाडी घरी ठेव आणि भाजीलासुद्धा बुलेटच घेऊन जा. म्हणजे ‘पंधरा दिवसांत’ होत नाही. होऊ नये.

आणि पुढचा ब्रेक. तो ड्रमचा आहे, डिस्कसारखा चावत नाही. चाक काढून शू बघ, ग्रीस लागलेलं असेल तर पूस म्हणणार नाही, बदलून टाक. वायरीचे धागे कुठं सुटायला लागलेत का, हे लिव्हरपाशी बोट फिरवून बघ.

‘समृद्धीवर एकदा पळवून बघते’ असं जे लिहिलंस ते डोक्यातून काढ. त्या महामार्गावर दुचाकीला बंदी आहे, आणि नसती तरी ती गाडी त्या वेगाची नाही. गाडी तपासायची तर मंठ्यावरून लोणारला जा आणि दिवस मावळायच्या आत परत ये. त्यात चढ आहे, खड्डे आहेत, गाडीत काय सैल आहे ते सगळं कळेल. परत आलीस की प्रत्येक नटाला हात लाव. नुसता हात. जो फिरेल तो लिहून ठेव.

हंपीचा रस्ता अंबडवरून वडीगोद्रीला लागतो, तिथून शहागडचा गोदावरीचा पूल, गेवराई, बीड. परतीला मांजरसुंब्याचा घाट उतरताना गिअर खाली पाडून उतर, ब्रेक धरून ठेवू नकोस, ड्रम तापतो. पहिला मुक्काम सोलापूर. विजापूरपर्यंत एका दिवसात जायचा विचार असेल तर मला सांगूच नकोस. एकटी जाणार आहेस की कुणी सोबत आहे, हे तू मुद्दाम लिहिलं नाहीस असं दिसतं. तुझी आई मला विचारते, मी काय सांगू? रात्री चालवायची नाही, एवढं तरी कबूल कर. त्या हेडलाइटच्या उजेडात रस्त्यात बसलेली म्हैस दिसायची नाही.

पुढच्या रविवारी ये. निळी पेटी घरी ठेवून ये, पिशवी घेऊन ये. मी पडवीत पाट टाकून बसतो, तू मागचं चाक काढून ट्यूब बदलून परत बसव. मी हात लावणार नाही. एक्सलच्या त्या नटाचं काय करायचं ते तेव्हा बघू, नवा मी मोंढ्यातून आणून ठेवतो. तू मापाचा पाना घेऊन ये म्हणजे झालं.

वहिनींना नमस्कार, दादाला गुडघ्याचं तेल लावायला सांग.

तुझा,
काका

ता. क. नव्या नंबरप्लेटचं काय केलंस? १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ती लागते. आणि १५ वर्षांनंतर नोंदणी दर ५ वर्षांनी नव्यानं करावी लागते, ती तारीख आरसीवर बघ. आरसी दादाच्या कपाटात वरच्या खणात आहे. तो देत नसेल तर वहिनींकडून किल्ली घे.